दोष पाखराचा नव्हे

शास्त्रपाठ : उत्पत्ति 1:20–23, लेवीय 11:13–19, 1 राजे 17:1–7, योहान 9:1–7



गेल्या वर्षी पावसाळ्यात आष्टी तालुक्यातील एका भिल्ल वस्तीवर आम्ही लहान मुलांची तपासणी करत होतो. चौदा महिन्यांची एक मुलगी आजीच्या मांडीवर बसली होती. डोळे मोठे, हातपाय काड्यांसारखे. दंडघेर मोजायची पट्टी लावली तर 11.1 सेंटिमीटर भरले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेला की पट्टीवर लाल रंग दिसतो. तो तीव्र कुपोषणाचा रंग आहे. अशा मुलाला साधा जुलाबही जिवावर बेतू शकतो.

मी दवाखान्याचे नाव काढले. आजी म्हणाली, "ताई, हे दवाखान्याचं दुखणं न्हाई. लेकराचं अंगडं राती दोरीवर राहिलं. वरून घुबड गेलं. त्याची सावली पडली. तवापासून लेकरू वाळत चाललंय." मुलीच्या गळ्यात काळा दोरा होता. देवऋषीकडे दोन खेपा झाल्या होत्या, आणि त्यात सहा आठवडे गेले होते.

त्या आजीला मी दोष देत नाही. नातीवर तिचा जीव होता. देवऋषीला द्यायला तिने कोंबडी विकली होती. पण तिने रोगाचे कारण आकाशात शोधले आणि कारण होते ताटात. म्हणून या अंकाच्या अभ्यासपाठासाठी मी घुबड आणि इतर शिकारी पक्षी हा विषय घेतला आहे. विषय वेगळा वाटेल, पण वस्त्यांवर काम करताना तो आम्हांला वारंवार भेटतो. आणि खरे सांगायचे तर तो आपल्या मंडळ्यांतही भेटतो.

भीती कुठून येते?

आपल्या भागात घुबडाविषयी किती समज आहेत पाहा. ते छपरावर बसले तर घर ओस पडते. आजाऱ्याच्या घराजवळ बोलले तर माणूस दगावतो. त्याला दगड मारला तर ते तो उचलून नेते व पाण्यात झिजवते, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. रात्री मुलाला नावाने हाक मारू नये, कारण घुबड ते नाव ऐकून घेते. दुसरीकडे, त्याच कुळातल्या पिंगळ्याला पुढचे कळते असेही मानतात. पहाटे कंदील व कुडमुडे घेऊन दारी येणारे पिंगळा जोशी याच पक्ष्याच्या नावाने ओळखले जातात. म्हणजे एकच कूळ कोणाला अशुभ, तर कोणाला भविष्य सांगणारे.

माझी आई आजारी होती तेव्हा घरामागच्या लिंबावर पिंगळा रोज रात्री ओरडे. आमचे घर ख्रिस्ती, रोज कौटुंबिक प्रार्थना होई, तरी मावशी त्याला हुसकायला चुलीतले जळते लाकूड घेऊन बाहेर जात असे. पुढे मला उमगले ते इतकेच : आजाऱ्याच्या घरी रात्रभर दिवा असतो. दिव्यावर किडे येतात. किड्यांवर पिंगळा येतो. आणि त्या घरात सगळे जागे असतात म्हणून त्याचा आवाज ऐकू येतो. शेजारच्या घरी लोक झोपलेले असतात. तेथेही तो ओरडतो, पण ऐकणारा कोणी नसतो.

देवाने नेमलेले काम

आपल्या भागात तीन प्रकारची घुबडे भेटू शकतात. पिंगळा सर्वांत लहान, जवळजवळ साळुंकीएवढा, अंगावर पांढरे ठिपके. झाडाच्या ढोलीत किंवा घराच्या वळचणीला राहतो, संध्याकाळी तारेवर बसून मान वरखाली करतो. गव्हाणी घुबड पांढुरके, बदामाच्या आकाराच्या चेहऱ्याचे. ते जुन्या वाड्यांत, पडक्या इमारतींत, विहिरीच्या कपारीत राहते आणि किंचाळल्यासारखा आवाज काढते. शृंगी घुबड सर्वांत मोठे. त्याच्या डोक्यावर शिंगे दिसतात ती खरी पिसांची असतात. ओढ्याच्या दरडीवर किंवा जुन्या खाणीच्या कडेला ते अंडी घालते.

घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून ते मान 270 अंशांपर्यंत वळवते. पाहणाऱ्याला ते भुतासारखे वाटते. त्याच्या पिसांच्या कडा मऊ झालरीसारख्या असतात, त्यामुळे उडताना आवाज होत नाही. गव्हाणी घुबडाचे दोन्ही कान एका उंचीवर नसतात. त्यामुळे आवाज कोठून आला हे त्याला इतके अचूक कळते की मिट्ट काळोखातही ते नुसत्या खुडबुडीवरून उंदीर पकडते. उंदीर ज्वारीच्या कणसांवर चढतो तो रात्री, आणि आपण झोपलेलो असतो. पुणे परिसरातील शृंगी घुबडांच्या आहाराचा अभ्यास झाला आहे. त्यातही उंदीर-घुशी हेच त्यांचे मुख्य खाणे असल्याचे दिसले.

दिवसपाळीचे पक्षी वेगळे आहेत. कापशी घार शेतावर हवेत एका जागी पंख हलवत थांबते आणि उंदरावर झेप घेते. सापमार गरुड साप धरतो. शिक्रा सरडे व लहान पाखरे धरतो. मोठी घार कधी कोंबडीचे पिल्लू उचलते हे खरे, पण गावातली घाणही तीच उचलते. मेलेल्या जनावराची विल्हेवाट गिधाडे लावत असत. आता गिधाड दिसणेच दुर्मिळ झाले आहे.

ती कोणाच्या शापाने गेली नाहीत. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक हे औषध टोचले जाई. असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण 2004 मध्ये उघड झाले आणि 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. खरे कारण सापडल्यावरच उपाय सापडला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

पवित्र शास्त्र काय सांगते?

पुष्कळ विश्वासणारे मला लेवीय 11 दाखवतात. "ताई, घुबड तर शास्त्रातही अशुद्ध आहे ना?" होय, त्या यादीत गरुड, गिधाड, घार, कावळा, घुबड अशी नावे आहेत. काही पक्ष्यांची इब्री नावे नेमकी कोणत्या पक्ष्याची हे निश्चित नसल्याने निरनिराळ्या भाषांतरांत ती वेगळी दिसतात. पण तो अध्याय कशाविषयी आहे? इस्राएलाने काय खावे व काय खाऊ नये याविषयी. हा पक्षी दिसला तर संकट येईल, त्याची सावली पडली तर मूल मरेल, असे त्यात एका शब्दानेही म्हटलेले नाही. अशुद्ध म्हणजे ताटात न घेण्याजोगा. शापित नव्हे.

आता 1 राजे 17 उघडा. देशात दुष्काळ आहे. आष्टीकरांना दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. एलीया करीथ ओहळापाशी लपला आहे, आणि देव सकाळ-संध्याकाळ त्याला भाकर व मांस पाठवतो. कोणाकरवी? कावळ्यांकरवी. लेवीय 11:15 मधल्या त्याच कावळ्यांकरवी. ज्याला माणसाने ताटात घ्यायचे नाही, त्याच्याच चोचीतून देवाने आपल्या सेवकाचे ताट भरले.

उत्पत्ति 1 मध्ये पाचव्या दिवशी देव सर्व पंखवाल्या प्राण्यांना निर्माण करतो, ते चांगले आहे असे पाहतो आणि त्यांना आशीर्वाद देतो. त्यातून घुबड वगळलेले नाही. ईयोब 39 च्या शेवटी देव स्वतः ससाणा व गरुड यांच्याविषयी बोलतो. ससाणा उडतो तो ईयोबाच्या शहाणपणाने नव्हे. स्तोत्र 102 मध्ये दुःखी माणूस स्वतःला ओसाड जागेतल्या घुबडाची उपमा देतो. तेथे घुबड एकाकीपणाची खूण आहे, अपशकुनाची नाही. यशया 34 मध्ये उजाड झालेल्या अदोमात घुबडे व गिधाडे राहायला येतात. पण वचने 16 व 17 वाचायला विसरू नका. तेथे परमेश्वर स्वतःच्या हाताने दोरीने मापून त्यांना त्यांचा वाटा देतो. ओसाड जागेतही त्यांचा सातबारा त्याने लिहून ठेवला आहे.

आणि शकुन पाहण्याविषयी अनुवाद 18:10 स्पष्ट आहे. ती मनाई केवळ वस्तीवरच्या आजीला नाही, आपल्यालाही आहे.

चिठ्ठी खोटी असली म्हणजे

येथे मला एका घुबडाची खरी गोष्ट सांगायची आहे. ती आपल्याच महाराष्ट्रातील आदिवासी पट्ट्यातली आहे. रानपिंगळा नावाचे छोटे घुबड 1884 नंतर कोणाला नक्की आढळले नव्हते. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1914 मध्ये गुजरातेत ते मिळाल्याची नोंद करून ठेवली होती. त्या नोंदीवर विसंबून पुढच्या संशोधकांनी चुकीच्या जागी शोध घेतला आणि हात हलवत परतले. पक्षी नामशेष झाला असे लोक म्हणू लागले. नंतर पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने संग्रहालयातील नमुने तपासले. तेव्हा कळले की त्या अधिकाऱ्याने दुसऱ्याने जमवलेला जुना नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. ती नोंद बाजूला ठेवून त्या खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळल्या, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा समोर बसलेला दिसला. 113 वर्षे तो तेथेच होता. खोट्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांना दुसरीकडे पाठवले होते.

चिठ्ठी पाखरालाच लागते असे नाही. इंग्रज सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे पारधी समाजही अशा कायद्यांच्या फासात सापडला. मूल जन्मले की ते गुन्हेगार, अशी ती चिठ्ठी होती. त्या काळच्या कुंपणातल्या वसाहती चालवणाऱ्यांत काही मिशन संस्थाही होत्या, हे आपण लपवू नये. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. लोकांच्या मनातून चिठ्ठी निघाली का? आमच्या ओळखीच्या पारधी वस्तीवरचे एक वृद्ध बाबा एकदा हसत म्हणाले, "बाई, घुबडाचं आन्‌ आमचं एकच हाय. रातीचं दिसलं की दगूड." आम्ही कोणीच हसलो नाही.

याच वस्तीवर दिवाळीच्या तोंडावर बाहेरचा एक माणूस आला होता. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कसल्याशा विधीसाठी त्याला शृंगी घुबड हवे होते, आणि त्याने सांगितलेली रक्कम तेथल्या एका तरुणाच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणे, विकणे व मारणे हा गुन्हा आहे. 2013 चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. पण पकडला कोण जाईल? घेणारा निघून जाईल आणि पारधी तुरुंगात जाईल. मग वर्तमानपत्रात तीच जुनी चिठ्ठी पुन्हा छापली जाईल. तो तरुण रात्री आमच्याकडे आला, सगळे बोलला आणि शेवटी त्याने नकार दिला. त्याची पैशाची गरज मात्र नकार दिल्यावरही तशीच राहिली. आपल्या देणग्यांतून त्याच्या मुलीचा वसतिगृहाचा खर्च या वर्षी भागतो आहे, म्हणून हे येथे लिहिले.

आपल्याच छपराखाली

आमच्या ओळखीच्या एका मंडळीत उपासनामंदिराच्या छपरात गव्हाणी घुबडाची जोडी राहू लागली. काही वडीलधाऱ्यांनी धूर करून ती हाकलावी असा आग्रह धरला. कारण घाणीचे सांगितले, पण मनात दुसरे होते. त्या वर्षी मंडळीत दोन मृत्यू झाले होते.

संडे स्कूलच्या मुलांना आम्ही भिंतीखाली पडलेल्या करड्या गोळ्या गोळा करायला सांगितल्या. घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी करून तोंडावाटे टाकते. मुलांनी हातात पिशव्या घालून, नाकाला रुमाल बांधून, गोळ्या पाण्यात भिजवून काड्यांनी सोडवल्या. आतून निघाल्या त्या उंदरांच्या कवट्या आणि पिवळे दात. एकेका गोळीत दोन, कधी तीन. एक मुलगा म्हणाला, "आजोबा, हे तर आपलं धान्य राखतंय!" त्या जोडीला पिल्ले उडेपर्यंत राहू दिले गेले. मोठ्यांना जे उपदेशाने पटले नव्हते, ते मुलांनी काडीने दाखवले.

असेच काम पुरंदर तालुक्यातील पिंगोरी गावात इला फाउंडेशनने मोठ्या प्रमाणावर केले. नोव्हेंबर 2018 मध्ये तेथे घुबड महोत्सव भरला आणि शाळकरी मुलांनी घुबडांची चित्रे काढली. ज्याचे चित्र आपण काढतो त्याला दगड मारणे अवघड जाते.

त्या मुलीचे काय झाले?

आमच्यातील एका तरुण सहकाऱ्याचे म्हणणे होते की आधी गळ्यातला दोरा तोडावा, मग पुढचे बोलावे. मी त्याला योहान 9 ची आठवण दिली. जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे? याचे की आईबापांचे? येशू दोघांवरचाही दोष काढून टाकतो आणि लगेच कामाला लागतो. चिखल करतो, डोळ्यांना लावतो, शिलोह तळ्यावर धुवायला पाठवतो. दोष कोणाचा यात तो दिवस घालवत नाही.

आजीला मी म्हटले, "आजी, दोरा राहू द्या. पण दवाखान्यातही चला." आजी गप्प राहिली. मग म्हणाली, "दोरा तोडायचा न्हाई ना?" म्हटले, "नाही." ती उठली.

दवाखान्यात बोलता बोलता सगळे उलगडले. मुलगी पाच महिन्यांची असताना आई-वडील ऊसतोडीला गेले होते. आई पहाटे फडात जाई आणि बाळ कोपीत मोठ्या बहिणीजवळ राही. अंगावरचे दूध तुटले, बाटलीत पाणी घातलेले दूध सुरू झाले, जुलाब लागले. अंगणवाडी गावात राहिली आणि बाळ कारखान्यावर. घुबड खरोखर वरून गेलेही असेल. उसाच्या रानात उंदीर पुष्कळ, म्हणून घुबडेही असतात. पण बाळाला वाळवले ते भुकेने, घाण पाण्याने आणि आईला विसावा न देणाऱ्या मजुरीने. घुबडावर दोष टाकला की या तिघांना कोणी काही विचारत नाही. खरे कारण सापडल्यावरच उपाय सापडतो, असे वर म्हटले ते यासाठी.

पोषण पुनर्वसन केंद्रात मायलेकी चौदा दिवस राहिल्या. नंतर आमच्या कार्यकर्तीने दर आठवड्याला घरी जाऊन पट्टी लावली. शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून हाच धडा घालून दिला आहे : गावातल्याच बाईला शिकवा, तिचे गाव ऐकते. दिवाळीनंतर कुटुंब पुन्हा ऊसतोडीला गेले तेव्हा आम्ही फार प्रार्थना केली. या वेळी आजी बरोबर गेली, बाळाला वेळेवर खाऊ घालायला. यंदा एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा दंडघेर 12.3 होते. पट्टीचा रंग पिवळा. हिरव्यासाठी 12.5 च्या वर जावे लागेल. काम संपलेले नाही.

आजी अजूनही दिवेलागणीआधी बाळाचे कपडे आत घेते. मी काही बोलत नाही. आता ती कपडे आत घेते आणि मग डाळ-भात कुस्करून नातीला भरवते.

आपण काय करावे?

1. घुबड घरावर किंवा मंदिरावर बसले तर दगड मारू नये, धूर करू नये. मुलांना जवळ बोलावून लांबून दाखवावे.

2. जखमी पक्षी सापडल्यास त्याच्यावर कापड टाकून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवावे. तोंडात पाणी ओतू नये, दूध-भात देऊ नये. नखांपासून जपावे. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

3. उघड्या विहिरींवर जाळी टाकावी. पक्षीही वाचतात, मुलेही वाचतात.

4. मूल वाळत असेल तर कोणाची सावली पडली हे न विचारता दंडघेर मोजून घ्यावा. अंगणवाडीत ही पट्टी असते. लाल रंग दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना.

5. कोणाच्या समजुतीची थट्टा करू नये. भीती थट्टेने जात नाही. बरोबर चालणारे कोणी असले की ती कमी होते.

मनन व चर्चेसाठी

• आपल्या घरात अजून कोणते शकुन-अपशकुन पाळले जातात? अनुवाद 18:9–14 वाचून प्रामाणिकपणे बोला.

• एलीयाला कावळ्याने आणलेली भाकर अशुद्ध वाटली असेल का? ज्यांना आपण कमी लेखतो अशा कोणाकडून देवाने आपल्याला कधी काही दिले आहे का?

• आपल्या गावात कोणत्या माणसाला किंवा वस्तीला चिठ्ठी लागली आहे? ती काढण्यासाठी आपली मंडळी पहिले पाऊल कोणते टाकेल?

प्रार्थनेसाठी

त्या लहान मुलीचा दंडघेर हिरव्या रंगात यावा म्हणून. येत्या हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या मातांसाठी व त्यांच्या तान्ह्या बाळांसाठी. मोह नाकारणाऱ्या त्या तरुणाला नियमित काम मिळावे म्हणून. आणि आपल्यासाठी, की चिमणीलाही न विसरणाऱ्या पित्याची लेकरे म्हणून आपण कोणत्याही पाखराला भिऊ नये आणि कोणत्याही माणसाला तुच्छ मानू नये. आमेन.